चौदा नंबरचा उजवा पाय

"हर्निया. ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर माझ्याकडे न बघता कागदाला म्हणाले. हर्निया म्हणजे पोटाची भिंत आतून सैल पडते आणि आतडं बाहेर डोकावतं. माझं तर कोल्हापूरची अख्खी मंडई हिंडून जेवायला परत आत यायचं.

या गोष्टीला पंचवीसएक वर्षं झाली. मी उचगावचा. खाकरलो तर जोतिबावरची माकडं नारळ टाकून पळायची. पण वॉर्डात शिरलो आणि नाव दारातच राहिलं. आत मी तेरा नंबर.

शेजारचे चौदा नंबर म्हणजे अप्पा, शिरोळकडचे जैन शेतकरी. साखरेमुळे उजव्या पायाला गँगरीन झालेलं. रक्त पोचत नाही आणि मांस जिवंतपणीच काळं पडून सडतं. सकाळी पाय गुडघ्याखाली काढायचा होता. माझंही ऑपरेशन त्याच सकाळी.

"तुझ्या खिडकीकडं येऊ का रं? वास तरी बाहेर जाईल," अप्पा ओशाळून म्हणाले.

"या की अप्पा!"

आम्ही खाटा बदलल्या. नंबर आणि कागद मात्र खाटांनाच लटकत राहिले.

सकाळी सिस्टर आल्या. "चौदा नंबर, दंड पुढं करा." गुंगीची सुई टोचली. माझी जीभ, जी लग्नातसुद्धा गप्प बसली नव्हती, ती दगड झाली. ट्रॉली हलली. डोक्याशी कुणीतरी म्हणालं, "चौदाचा उजवा पाय हाय न्हवं?"

"व्हय. गुडघ्याखाली."

ओरडायला गेलो. आवाजच निघाला नाही. दिवे जवळ आले. हत्यारं मांडल्याचा आवाज आला.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई वाकल्या. "काका, नाव काय तुमचं?"

पाच दिवसांत पहिल्यांदाच कुणी विचारलं. सगळा जीव जिभेवर आणला. "महादेव... हर्निया... पाय न्हाय."

बाईंनी कागद बघितला, चादर उचलली. धडधाकट पाय बघून त्यांचाच चेहरा उतरला. "थांबा सगळे."

मी दहातल्या नऊ गोष्टी फुगवून सांगतो. ही दहावी. तुम्हाला कधी ट्रॉलीवर घेतलं तर सुईच्या आधीच नाव, आजार, जागा मोठ्यानं सांगा. उद्धट म्हणतील. म्हणू देत.

बाई मग मला घेऊन स्वतः वॉर्डात आल्या, अप्पांच्या खाटेवर बसल्या. "कुठला पाय, अप्पा? तुम्हीच दाखवा."

रोज वासाची माफी मागणारा तो माणूस उठून बसला. नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. मग काळ्या पायावर हात ठेवला. "ह्यो. चाळीस वर्सं औतामागं चाललाय, बाई."

अप्पांचं बोलून होईपर्यंत बाईंनी त्यांच्या ट्रॉलीला कुणाला हात लावू दिला नाही.