मावशीला सांग, आई रोज घासत हुती

अन्याय माझ्या आईवर झाला. तिचं नाव शालन. साल १९९७, महिना जानेवारी, वेळ मधल्या सुट्टीनंतरची, आणि जागा कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावातल्या शाळेचं पटांगण. हे सगळं आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टींना 'कधीतरी, कुणीतरी' म्हणत गेलं की त्या झाल्याच नाहीत असं ठरवणं सोपं जातं.

गॅदरिंगची तालीम चालली होती. आम्ही चौथीच्या पोरी एकमेकींचे हात धरून फेर धरत होतो. कुणाला कुठल्या रंगाचा परकर लागणार हे विचारायला आया आलेल्या. माझ्या मनगटांवर आणि कोपरांच्या घडीत कातडं लाल होऊन चिरलेलं होतं. थंडी पडली की दरवर्षी तसं व्हायचं. शेजारच्या पोरीनं हात सोडला आणि ओरडली, "बाई, हिचा हात खरखरीत लागतोय!" बाईंनी माझा हात दोन बोटांनी वर उचलून बघितला आणि मला फेरातून बाहेर काढलं. मग आईकडं वळून म्हणाल्या, "जरा धुवत जावा की पोरीला. तुमच्यात पाण्याची टंचाई हाय व्हय?"

गावाच्या पायाशी पंचगंगा वाहते. टंचाई कुणाकडंच नव्हती. 'तुमच्यात' म्हणजे आमच्या बौद्ध वस्तीत, हे पटांगणातल्या प्रत्येक बाईला कळलं. दोघीतिघी हसल्या, बाकीच्या गप्प राहिल्या. आज मला जास्त राग येतो तो गप्प राहिलेल्यांचा.

आई माझा तोच हात धरून घरी आली. आठवडाभरात ठरलं, संगीताला, म्हणजे मला, रत्नागिरीला मावशीकडं ठेवायचं. शाळा तिकडंच करायची.

निघालो ती सकाळ कडाक्याची होती. कुरुंदवाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही तिघं उभे. अण्णा, माझे वडील, मला पोचवायला येणार होते. इचलकरंजीतल्या मागावरच्या पाळीला त्यांनी त्यासाठी दांडी मारली होती. निघण्याआधी आईनं मला बंबातल्या कढत पाण्यानं आंघोळ घातली होती, त्यामुळं स्वेटरच्या आत अंग नुसतं जळत होतं. पिशवीत दोन फ्रॉक होते. त्यांच्याखाली लाल कार्बोलिक साबणाची वडी आणि दोडक्याची वाळकी जाळी, फडक्यात गुंडाळून. गाडी लागली, गर्दी दाराशी रेटली. आई खिडकीखाली आली. "नीट रहा", "अभ्यास कर" असलं काही तिच्या तोंडून आलं नाही. ती म्हणाली, "मावशीला सांग, आई रोज घासत हुती म्हणून. रोज. इसरू नगंस."

ती खरंच रोज घासायची. आमच्या वस्तीत स्वच्छतेचं काय मोल होतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. विहारात पौर्णिमेला जमलो की कार्यकर्ते सांगायचे, घरं अशी ठेवा की कुणाला बोट दाखवायला जागा उरू नये. ज्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या बोट दाखवलं गेलं त्यांना ते पटणारच. आईला तर इतकं पटलं होतं की दुसऱ्याच्या शेतातलं तण भांगलून आली तरी आधी अंगण झाडायची आणि मग पाणी प्यायची. विहारात जायची तिची पांढरी साडी वाळत टाकली की रस्त्यानं जाणारा वळून बघायचा. आणि अशा बाईच्या पोरीच्या हाताला खवले! पहिल्यांदा ते दिसले तेव्हापासनं तिनं एकच ओळखलं. हा मळ आहे. मळ असेल तर निघाला पाहिजे.

म्हणून कढत पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला, लाल साबण आणि जाळी. मी बोंबलायची, ती घासायची आणि स्वतःही रडायची. तेल मात्र ती मला कधी लावू द्यायची नाही. का? तर तेलकट अंगाला धूळ बसते. धूळ बसली की पोरगी कळकट दिसते, आणि कळकट दिसली की लोक बोलतात. वस्तीबाहेरच्या घरांतल्या पोरी थंडीत खोबरेल चोपडून, चकचकीत होऊन शाळेत यायच्या. त्यांना कुणी घाण म्हणत नव्हतं. ती सवलत आम्हाला नव्हती. माझ्या कातडीला जे सगळ्यात जास्त हवं होतं तेच आईनं बंद केलं होतं, आणि ते माझ्यावर जीव होता म्हणूनच.

रत्नागिरीला पोचलो. मावशी ही आईचीच थोरली बहीण. मावशीचे यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक. समुद्रावरनं येणारा तो ओलसर वारा मला पहिल्या दिवशी आवडलाच नाही. सगळंच दमट, कपडे वाळत नाहीत, जेवणात रोज भात. मावशीनं पिशवी उलटी केली, जाळी हातात धरली आणि अण्णांना म्हणाली, "दाजी, हे काय शालननं माझ्या भांड्यांसाठी धाडलंय व्हय?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "आई रोज घासत हुती."

मावशीनं माझी बाही वर केली. मनगट उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाली, "अगं, पोरगी हाय का कढई?" मला हसू आलं. अण्णांना नाही आलं.

ती जाळी मावशीच्या मोरीत गेली आणि तिनं पुढची कितीतरी वर्षं खरोखरच कढया घासल्या. मला मिळालं कोमट पाणी, तेही पटकन उरकायचं. साबण फक्त काखेत आणि पायांना. अंग खसाखसा पुसायचं नाही, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच कोकमाचं तेल. आमच्याकडं तेल म्हणजे पातळ, बाटलीतलं. हे मात्र गोळा होतं, पिवळसर पांढरं, खडूसारखं टणक. कोकमाच्या बियांचं. मावशी तो गोळा चुलीच्या धगीला धरायची, तळहातावर फिरवायची आणि विरघळला की माझ्या मनगटावर टेकवायची. चोळायची नाही, नुसती टेकवायची. उन्हाळ्यात कुणी मधमाशीचं मेण आणून दिलं तर ते आणि तिळाचं तेल कोकमाच्या तेलात वितळवून ती डबीत मलम भरून ठेवायची. त्याला धुरकट, आंबूस वास यायचा. आज कुणी मला विचारलं की माझ्या लहानपणाचा वास कोणता, तर मी गावच्या गुऱ्हाळातल्या काकवीचा म्हणायला पाहिजे. पण आठवतो तो मावशीच्या डबीचा.

उन्हाळा लागायच्या आत माझे हात मऊ झाले. आणि खरं नुकसान इथंच झालं.

अण्णा मला बघायला आले, घरी गेले आणि आईला म्हणाले, "पोरगी लोण्यासारखी झालीय." ते आनंदानंच म्हणाले असणार. आईनं मात्र हिशोब लावला. माझ्या घरात पोरगी सडत होती, बहिणीच्या घरात बरी झाली. म्हणजे बाई बोलल्या ते खरं होतं. खोट माझ्याच घरात, माझ्याच हातात आहे.

तिला कोण सांगणार होतं की समुद्राजवळची हवा ओली असते आणि आमच्या नदीकाठची थंडी कोरडी? की हात बरे झाले ते घासणं थांबलं म्हणून? मावशीला ते कळत होतं. पण धाकट्या बहिणीला "तूच पोरीला सोलून काढलंस" असं ती कशी म्हणेल? ती नुसती म्हणायची, "हवा मानवली." बस्स, मावशीची माया तिथंच आईला नडली.

दिवाळीत घरी गेले की दोनच दिवसांत मनगटं पांढरी पडायची. आई लांबनं बघायची, जवळ यायची नाही. उटणं लावायला शेजारच्या काकीला बोलवायची. मग सुट्टी संपायच्या आधीच माझी पिशवी भरायची. "आपल्या घराचं तुला सोसत न्हाय, संगे. उन्हाळ्यात येत जा." पुढं ते "उन्हाळ्यातच ये" झालं. तेव्हापासनं मी माझं गाव मे महिन्यातलंच ओळखते. थंडीतलं गुऱ्हाळ, चिपाडांचा धूर, रसाची कढई, नदीवरचं धुकं, हे सगळं माझं असून मला आता धड आठवतही नाही. माझ्या वर्गातल्या पोरी इचलकरंजीला, पुण्याला लग्न होऊन गेल्या. त्यांना निदान निघताना कळलं की आपण निघालो. मला वाटलं होतं, हात बरे झाले की परत.

नववीत असताना मावशीनं मला रत्नागिरीत कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, "हे इसब. जन्मजात कोरडी त्वचा. कुणाकडून कुणाला लागत नाही, अस्वच्छतेनं होत नाही. घासल्यानं मात्र वाढतं." मी धावत जाऊन एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होतं. सगळं एका दमात सांगितलं.  मग आई म्हणाली, "डॉक्टरीण गुणाची हाय. आईचं मन राखती."

तिनं ऐकलंच नाही. का ऐकावं? भर पटांगणात बोललेलं वाक्य ते. दुकानातल्या फोनवर कानात सांगितलेल्या गोष्टीनं ते कसं पुसलं जाणार?

पुढं मी पुण्यात आले, एका आरोग्य गटात काम करायला लागले. आता माझ्या बोलण्यात लीफलेट, वर्कशॉप, फॉलो-अप असले शब्द येतात, मावशी हसते. दर थंडीला शाळांच्या फाटकांवर आम्ही पत्रकं वाटतो. मी लिहिलेलं पहिलंच वाक्य असतं, 'इसब म्हणजे घाण नव्हे.' खाली बाकीचं: कोमट पाणी, टिपून घेणं, ओल्या अंगावर कोकमाचं नाहीतर साधं खोबरेल, मेणाचं मलम; पाणी सुटलं, पू झाला तर घरगुती काही न करता दवाखाना. मलमानं इसब जात नाही, आग शमते, एवढंच. पुण्यातल्या दुकानांत तेच मलम आता काचेच्या देखण्या बरणीत मिळतं, 'नॅचरल विंटर बाम' म्हणून, आणि ते घेणाऱ्या बायकांना कुणी विचारत नाही की तुमच्यात पाण्याची टंचाई आहे का.

यंदाच्या जानेवारीत मी न कळवता गावी गेले. मावशीची डबी घेऊन. दारात उभी राहिले, आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मला तिचे हात दिसले. बोटांच्या पेरांवर चिरा, तळवे सोलवटलेले, नखांच्या कडा रक्ताळलेल्या. शेजारची काकी म्हणाली, "दिसभर हात धुती गं. पावण्याला च्या द्यायच्या आधी धुती, दिल्यावर धुती. कप परत घासती. सांगून दमले मी." माझ्या अंगावरनं जे काढायचं राहिलं असं तिला वाटलं, ते ती इतकी वर्षं स्वतःच्या हातावरनं काढत होती.

मी तिला उन्हात बसवलं. डबी उघडली, मलम तळहातावर विरघळवलं आणि तिचा हात धरला. तिनं झटक्यात मागं घेतला.

"नगं. तुला लागंल."

"आई, लागत नाही गं हे. तुला फोनवर सांगितलं होतं की."

"आता कुठं तुझं अंग बरं झालंय. ऱ्हाऊ दे बाय." आणि मग हळूच म्हणाली, "थंडीची कशाला आलीस?"

डबी मी फळीवर ठेवली. सकाळी बघितलं तर आत बोटही लागलेलं नव्हतं. बाहेरनं मात्र डबी स्वच्छ धुऊन, पुसून ठेवली होती.

आता कुणी मला घर कुठं असं विचारलं की मी गावाचं नाव सांगते. रत्नागिरीनं मला कातडी दिली, पुण्यानं काम दिलं. पण जिथं हिवाळ्यात राहायची मला परवानगी नाही, तेच माझं घर. ती परवानगी मला आईकडनं हवी आहे, आणि ती माझं ऐकणार नाही. मी तिची लेक. तिला वाटतं लेक मन राखते.

म्हणून हे तुम्हाला लिहिते. त्या फेरात हात धरून उभ्या होतात, पटांगणात बघत उभ्या होतात, त्या सगळ्यांना, गावात राहिलात त्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलात त्यांनाही. हात सोडला होतास ती तू. हसलात त्या तुम्ही. गप्प राहिलात त्या तर नक्कीच. आणि बाई, तुम्हीही. तुम्ही अजून गावातच आहात. बोललं गेलं ते चारचौघांत, आता ते पुसायचंही चारचौघांत. थंडी संपायच्या आत आमच्या दारात जा. आई हात धुवायला उठेल, तिला उठू देऊ नका. फळीवरची डबी काढा, तिच्या हातांना मलम लावा, आणि वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा: शालन, ती घाण नव्हती.