फूलाने सांभाळलेलं धाबं

आमच्या कार्पाथोस बेटावर आईचं घर थोरल्या मुलीला जातं. धाकटीने काय करायचं? थोरलीच्या घरात राबायचं, झालं! फूला धाकटी. थोरलीचं नाव रिगोपूला; ती लग्न होऊन दूर पिरेअस शहरात गेली आणि घर फूलाच्या गळ्यात पडलं. नावावर मात्र थोरलीच्याच.

चाळीस वर्षं फूलाने त्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, जपलं. पाऊस पडून गेला की वर चढायची, ओल्या मातीवरून दगडी रूळ फिरवायची. कुठे भेग पडलीय, कुठली तुळई किडलीय, सगळं तिला तोंडपाठ.

यंदा रिगोपूला आली ती गवंडी ठरवूनच.

"आता वर सिमेंटचा स्लॅब टाकायचा. चिखल तुडवणं पुरे झालं."

"ताई, आधी माती तरी उतरव," फूला म्हणाली. "दोन्हींचं ओझं तुळयांना पेलायचं नाही."

"त्यात आठ दिवस जातील. पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या सणाला, माझे व्याही येतायत."

"अगं, मधला खांबसुद्धा..."

"फूला, घर कुणाचं गं?"

मिनास गवंडी खाली बघून हसला. फूलाला ते लागलं; ती तडक आत निघून गेली. लागणारच ना! इतकी वर्षं राबून वर हे ऐकायचं?

मातीवरच स्लॅब पडला. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी फूला कणकेचे पाव वळून फळीवर ठेवत होती, रिगोपूला भिंतीवर आईच्या ताटल्या मांडत होती. तेवढ्यात मधला खांब हलकेच करकरला. फूलाच्या हातावर माती भुरभुरली. तिने वर पाहिलं. तुळईला उभी चीर गेली होती.

घर तुझं ना? मग बघ तूच, असं मनात म्हणत तिने कच्च्या पावांची फळी उचलली आणि ती गावभट्टीकडे चालू लागली.

पाव भट्टीत जायच्या आतच धडाडा आवाज झाला.

लोकांनी रिगोपूलाला ढिगाऱ्यातून ओढून काढलं. जीव वाचला, पण तुळईखाली पायाचा पार चुरा झाला होता. फूला धावत आली. रिगोपूलाने तिचा हात घट्ट धरला.

"फूला, तुला तर या घराची नस न् नस ठाऊक. सकाळी काहीच जाणवलं नाही का गं?"

"नाही गं ताई."

"तू म्हणतेस म्हणजे नसेलच," रिगोपूला म्हणाली, आणि तिने धाकटीच्या मांडीवर डोकं टेकलं.