आंबट लागलं

गावातले घरी बिअर बनवणारे हौशी लोक त्यांना नाकसाहेब म्हणत. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत झाली, पण खरा मान मिळाला तो या लोकांत. महिन्यातून एकदा ही मंडळी एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत जमत. कोणी बिअर आणी, कोणी मध आंबवून केलेली मीड. नाकसाहेब ग्लास तळहाताने झाकून धरत, हात काढून आधी हुंगत आणि मगच घोट घेत. "बाटली नीट धुतली नव्हतीस," असं ते म्हणाले की समोरचा मान खाली घालायचा.

मग एका तापात त्यांचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. हे फक्त बायकोला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यांनी परीक्षकाची खुर्ची सोडली नाही. शेजारच्याचा चेहरा बघायचा आणि काहीतरी खोड काढायची. चांगलं म्हणणाऱ्याला लोक दहा प्रश्न विचारतात, खोड काढणाऱ्याला एकही नाही. नाकसाहेबांचं नाव उलट वाढलंच.

एका दुपारी भाऊजी बाटली घेऊन आले. नाकसाहेबांच्या थोरल्या बहिणीचा नवरा, साधा गवंडी माणूस. ताईने परसात मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. शेवटचा मध तिने स्वतः काढला, मीडसाठी काचेच्या मोठ्या बरणीत घातला आणि मीड तयार व्हायच्या आत ती गेली. भाऊजींनी त्या बरणीला इतके दिवस हात लावला नव्हता; आज त्यातली एक बाटली भरून आणली होती.

"बघ रे जरा," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय कोणाला विचारू? जमलंय का तिचं?"

बायको बाजारात गेली होती. ती येईपर्यंत थांबा म्हणावं तर बिंग फुटणार. नाकसाहेबांनी ग्लास झाकला, हात काढला, डोळे मिटून हुंगलं. काहीच नाही. घोट घेतला. जिभेला नुसतं आंबट लागलं. नाक बंद असलं की मीडमधलं आंबटच तेवढं जिभेवर उरतं, हे त्यांनी स्वतःच नवख्यांना कितीदा शिकवलं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"व्हिनेगर झालंय, भाऊजी."

"आणखी मुरू दिलं तर?"

"आता बिघडतच जाणार."

भाऊजी उठले. मग बाटली तिथेच ठेवून निघून गेले.

संध्याकाळी बायकोने बूच काढलं आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. "अहो, हे ताईंचं ना?" तिचे डोळे भरून आले. "त्यांच्या परसात लिंबं फुलली की असाच वास यायचा. किती सुरेख झालंय!"

नाकसाहेब तडक उठले. त्यांनी फोन लावला.

"भाऊजी, ती बरणी..."

"ओतली की. आल्या आल्या मोरीत ओतली, बरणी पण घासून ठेवली. तू सांगितल्यावर ठेवून काय करायचं?" भाऊजी पुढे म्हणाले, "बरं झालं तुला विचारलं. दुसरा कोणी असता ना, तर माझं मन राखायला छान आहे म्हणाला असता."

"हो," नाकसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बायकोने बाटलीला बूच लावलं, पायात चपला सरकवल्या. "एवढी तरी मी भाऊजींना नेऊन देते."

"नको."

"का?"

"प्यायले तर त्यांना कळेल."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली, तरी शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही. बायको दारातून मागे फिरली. मग तिने चपला काढल्या, दोन ग्लास घेतले, दोन्ही भरले. एक त्यांच्यासमोर सरकवला आणि दुसरा घेऊन ती समोर बसली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, जोरात हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"कसा वास येतोय गं?" त्यांनी विचारलं.

आजवर ती त्यांना प्रत्येक वास सांगत आली होती. भाजी करपली, दूध नासलं, पाऊस येतोय, सगळं. आज तिने एकेक घोट घेत आपला ग्लास संपवला आणि एक अक्षर बोलली नाही.