दूर बसायचं काम

नानांना फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "कोण शे?"

माझं नाव त्यांच्या मोबाईलवर ठळक उमटलेलं असायचं. बऱ्याचदा तासाभरापूर्वीच आमचं बोलणं झालेलं असायचं. तरीही "कोण शे?" एकदा मी वैतागलो. "नाना, नाव दिसतंय ना तुम्हाला?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "नाव मोबाईल दखाडस. मोबाईल कोणाबी हातमा ऱ्हास, भो. माणूस कोण शे, ते तू सांग." मी नाव सांगितलं. "पहूरवाला ना?" पहूर माझं गाव. मी हो म्हणालो, तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकलं.

नाना काही कोणाचे थोरले काका नव्हते. केस अवेळी पांढरे झाले म्हणून ऑफिसने त्यांना नाना करून टाकलं होतं आणि त्यांनीही ते पद विनातक्रार स्वीकारलं होतं. आमचं ऑफिस जळगावात, नाना धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्यात. तिथे घराच्या पुढच्या खोलीत, एका बाजूला कंपनीचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला वहिनींचं शिलाई मशीन, अशी त्यांची कचेरी होती. फोनवर बोलताना मागे शिलाईचा खडखडाट चालू असे. तो थांबला की समजायचं, वहिनीही ऐकताहेत.

आम्ही डीबगर बनवत होतो. डीबगर म्हणजे दुसऱ्या चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याचे खिसे तपासणारा प्रोग्राम. आमचा डीबगर जळगावात बसून थेट दूरच्या यंत्रावरच्या प्रोग्रामचे खिसे तपासतो, असं आमच्या गुळगुळीत माहितीपत्रकात छापलेलं होतं. ते खरं आहे का हे पाहणं हे नानांचं काम. त्यातही दोन अवघड प्रसंग खास त्यांच्याकडे होते. पहिला, चालता चालता एका प्रोग्रामचे दोन होतात, तेव्हा डीबगरची नजर दोघांवर राहते का? दुसरा, प्रोग्राम आपला क्रमांक तसाच ठेवून आतून पूर्णपणे दुसराच होतो, तेव्हा डीबगरला ते कळतं का?

दुसरा प्रसंग मला सुरुवातीला समजेना. नानांनी समजावलं, "नाव तेच, टेबल तेच, पण आतला माणूस आता दुसरा. आपला साहेब साहेब व्हयना तवय दखं नही का तू?" मला लगेच समजलं.

या तपासणीसाठी त्यांनी लहान लहान प्रोग्राम लिहिले होते आणि ते सगळे अहिराणी बोलत. एकाचे दोन झाले की पडद्यावर एक ओळ उमटे, "मी बाप शे." तिच्याखाली दुसरी, "मी आंडोर शे," म्हणजे मुलगा. आणि प्रोग्राम बदलून दुसराच झाला की, "आते मी दुसराच शे." का, असं विचारलं तर म्हणायचे, "आठला, शिंदखेडाना यंत्रना प्रोग्राम शे. तो काय पुणेरी बोली?" हेच नाना लेखी अहवालात मात्र एकदम सरकारी होत. "सदर प्रोग्राम विनंती करूनही थांबला नाही. निकाल : नापास. स्वभाव : हेकट." स्वभावाचा रकाना अहवालाच्या नमुन्यात नव्हता. तो त्यांनी स्वतः वाढवला होता.

आमच्या साहेबांना समारंभ फार आवडत. डीबगरची नवी आवृत्ती निघाली की नारळ, हार, फलक आणि प्रमुख पाहुणे. नवा प्रिंटर आला तेव्हाही त्याला कुंकू लागलं होतं आणि त्याने पहिलंच पान खाल्लं होतं. याच साहेबांच्या मनात आलं की सगळ्यांनी एका छताखाली बसावं. म्हणजे नानांनी बिऱ्हाड हलवून जळगावात यावं. नानांना ते नको होतं. वहिनींच्या हातचे ब्लाउज शिंदखेड्यात नावाजलेले. जळगावात त्यांना पुन्हा पहिल्या गिऱ्हाईकापासून सुरुवात करावी लागली असती. पण नानांनी साहेबांपुढे मांडला तो मुद्दा निराळाच. "साहेब, दूरचं तपासायचं तर कोणीतरी दूर बसायला पाहिजे ना?"

साहेब म्हणाले, "दोन यंत्रं एकाच टेबलावर ठेवू. तारेला काय कळतंय जळगाव आणि शिंदखेडा?"

मला नानांबद्दल कितीही माया असली तरी साहेबांचं म्हणणं बिनतोड वाटत होतं. शिंदखेड्याच्या अंतराने तोवर एकही दोष पकडून दिला नव्हता. बदललेल्या प्रोग्रामची तपासणी तर नानांनी स्वतःच कितीदा तरी पास केली होती. नव्या आवृत्तीचा समारंभ उरकला की नानांनी जळगावात हजर व्हायचं, असं ठरून गेलं.

समारंभासाठी साहेबांनी जातीने तयारी केली. नानांचे प्रोग्राम पाहून ते म्हणाले, "पाहुण्यांसमोर हे असलं गावठी?" आणि जळगावच्या प्रतीतल्या सगळ्या ओळी स्वतः बसून सुधारल्या. "मी बाप शे"चं झालं, "मी जनक प्रक्रिया आहे." आंडोर झाला "जन्य प्रक्रिया". आणि "आते मी दुसराच शे" याचं झालं, "मी आता परिवर्तित झालो आहे." हे नानांना कळवायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यांनी कळवलं नसतं.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राचार्य होते. नारळ फुटला. साहेबांनी भाषणात दूरसंवेदन, क्षितिज आणि गरुडझेप हे तिन्ही शब्द वापरले. मग मोठ्या पडद्यावर प्रात्यक्षिक सुरू झालं. शिंदखेड्याहून नाना फोनच्या स्पीकरवर होते. पहिला प्रोग्राम नेहमी जळगावहूनच पाठवला जायचा. तो शिंदखेड्याच्या यंत्रावर पोचला आणि दोन झाले. स्पीकरमधून आवाज आला, "हाऊ जनक कोण शे?"

सभागृहात खसखस पिकली. साहेब घाईघाईने म्हणाले, "नाना, तो बापच आहे. पुढे चला."

आता प्रोग्रामने बदलायचं होतं. ज्यात बदलायचं तो दुसरा प्रोग्राम शिंदखेड्याच्या यंत्रावर आधीपासून ठेवलेला होता. बदल होताच डीबगरने त्याला पहिल्या ओळीवर थांबवायचं होतं. पडद्यावर ओळ झळकली, "मी आता परिवर्तित झालो आहे," आणि तिच्यासमोर थांबल्याचा बाण. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी हारातून मान बाहेर काढून पाहिलं.

"थांबा," स्पीकर म्हणाला. "आठे काहीच थांबनं नही. आठे तं 'आते मी दुसराच शे' म्हणीसन तो कवयना पुढे निंघी गया."

टाळ्या विस्कळीत झाल्या. मग मलाही उमगलं. दूरचा प्रोग्राम बदलला की त्याचा मजकूर दूरच्या यंत्राकडून मागायचा सोडून आमचा डीबगर तो आपल्याच घरात, जळगावच्या प्रतीत वाचत होता आणि तिथली थांबवायची जागा पाहून शिंदखेड्यात हात घालत होता. इतके दिवस दोन्हीकडे तंतोतंत एकच प्रत होती, म्हणून हात बरोबर जागी पडत होता. साहेबांच्या शुद्ध मराठीने दोन्ही प्रती वेगळ्या झाल्या आणि लबाडी उघडी पडली. एका टेबलावर एकच प्रत वापरत बसलो असतो, तर ती कधीच दिसली नसती.

साहेबांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मी शेजारीच होतो. ते हळूच म्हणाले, "नाना, आत्ता फक्त पास म्हणा. दुरुस्ती उद्या करू. तुम्ही खुशाल शिंदखेड्यात राहा, माझा शब्द."

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. ते मला फोनच्या बाहेरूनही ऐकू आलं.

नानांना हवं होतं ते सगळं एका शब्दाच्या अंतरावर होतं. मग नानांचा आवाज आला. त्यांना हळू बोलता येतच नसे. "साहेब, पास म्हणसू तं आठे ऱ्हासू. पण मंग आठे ऱ्हाईसन मी करसू काय?"

पुढच्या रांगेत बसलेले प्राचार्य मोठ्याने हसले. ते मूळचे साक्रीकडचे, म्हणजे अहिराणी मुलखातलेच निघाले. "साहेब, तो जनक राहू द्या," ते म्हणाले, "पण तो 'दुसराच शे' म्हणणारा पुन्हा एकदा बोलवा." मग मोठ्या पडद्यावर शिंदखेड्याचं यंत्र दाखवावं लागलं. अहवाल संध्याकाळी आला. "निकाल : नापास. यापूर्वीचे माझे सर्व पास रद्द समजावेत. स्वभाव : घरबशा."

साहेबांनी बदलीचा हुकूम मागे घेतला असं कोणी म्हणू शकणार नाही. तो फक्त कधी निघाला नाही. दोष दुरुस्त झाला, जनक आणि जन्य निवृत्त झाले, बाप आणि आंडोर पुन्हा कामावर रुजू झाले. आणि पुढच्या समारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं की दूरचं तपासायचं तर कोणीतरी दूर बसायला हवं, हे ते पहिल्यापासून म्हणत आले आहेत. मी हे नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "साहेबना नंबर तोच शे ना? बस. मंग आतलाले कशाले इचारस."

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. सकाळी अहवाल पाठवला, दुपारी छातीत दुखलं, धुळ्याला नेईपर्यंत संपलं होतं. शेवटच्या अहवालात स्वभावाच्या रकान्यात "गुणी" असं लिहिलं होतं. तो शब्द त्यांनी आधी कोणत्याही प्रोग्रामला दिला नव्हता.

यंत्र जळगावात आणायला मी शिंदखेड्याला गेलो. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. मना मशीनना बाजूले ते नसनं तं खोली उघडी दखास." साहेबांनीही हरकत घेतली नाही. वीज जाऊन आली की वहिनी यंत्र सुरू करून देतात. तपासणी रोज चालते आणि रोज शिंदखेड्याहून ओळ येते, "आते मी दुसराच शे."

परवा यंत्र उत्तर देईना म्हणून मी नानांच्याच नंबरावर फोन लावला. माझ्या मोबाईलवर 'नाना' असं नाव उमटलं. पलीकडे शिलाईचा खडखडाट थांबला.

"कोण शे?" वहिनींनी विचारलं.

मी पूर्ण नाव सांगितलं. मग न विचारताच पुढे म्हणालो, "पहूरवाला."

"हां," त्या म्हणाल्या, "आते बोल."