चिंचेखाली गेटच्या रंगाचा देव

ती घटना मी विसरलो, तर माझी पेन्शन बंद करा! तीन कुंभमेळ्यांचा बंदोबस्त केलेला माणूस मी. गोदाघाटावर शिट्टी मारली की लाखभर माणूस जागच्या जागी थांबायचा आणि पाण्यातले मासेसुद्धा डाव्या बाजूने चालायला लागायचे. अशा मला एका चिंचेने घाम फोडला. नावे कुणाचीच सांगणार नाही. ती मंडळी अजून भाजी घेताना भेटतात.

कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत एक जुनी सोसायटी होती. लिफ्ट नाही, गच्ची गळकी, जिन्याचे गज बाहेर आलेले. गेटमधून आत शिरताच समोर चिंच. तिला मिठी मारायची तर आमचे अख्खे पोलीस ठाणे हातात हात घालून उभे करावे लागले असते. मे महिन्यात तिच्या सावलीत स्वेटर लागायचा, मग विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू.

सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि नव्या नकाशात गाडीरस्ता थेट चिंचेच्या पोटातून निघाला. घरे रिकामी व्हायची होती, पण बिल्डरला मशिन आत आणायला झाड आधी काढायचे होते. महापालिकेने खोडावर नोटीस लावून हरकती मागवल्या. हरकत घेतली ती सोसायटीचे सेक्रेटरी असलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. हरकत फेटाळली गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तोडायच्या बाजूच्या, आणि त्यांचे कारण खोटे नव्हते. काकांना छातीत कळ आली तेव्हा ॲम्ब्युलन्स चिंचेपाशीच अडली होती. काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी रस्त्यापर्यंत उचलून नेले. काका वाचले, पण तेव्हापासून जिना उतरायचे नाव घेईनात.

तोडणीच्या दिवशी सकाळी मजूर आले, तर चिंचेच्या बुंध्याशी शेंदरी दगड! मजुरांनी करवती टाकल्या आणि असे पळाले, की त्यांच्या चपला दोन दिवस गल्लीतच मुक्कामाला होत्या. संध्याकाळपर्यंत नारळ फुटला. मग घंटा आली, आरती आली, खुर्च्या आल्या. नवस बोलणाऱ्यांत काकू पहिल्या.

थोड्याच दिवसांत ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. आवाज दबलेला, भाषा शुद्ध.

“सदर सोसायटीत चिंचेखाली अनधिकृत चौथरा बांधताहेत. खडी-सिमेंट येऊन पडलंय. वर पत्र्याची शेड टाकणार आहेत. ताबडतोब थांबवा. मुळांना श्वास घेता येणार नाही!”

स्टेशन डायरीत नोंद करून मी हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार बागलाणचे, अहिराणी बोलणारे, देवभोळे. पंचनाम्याआधी त्यांनी बूट काढले आणि कपाळाला लावण्यासाठी देवाला बोट घासले. बोट स्वच्छ!

“साहेब,” ते कुजबुजले, “देव कोरडा शे.”

मी वाकून वास घेतला. शेंदराला तेलाचा वास हवा. इथे प्राइमरचा भपकारा. मान वर केली तर समोर सोसायटीचे गेट, नुकतेच रंगवलेले, त्याच रंगाचे. गेटकडे पाठ करून मी खिशातली वही काढली. पोलिसाने ज्या दिवशी लगेच बोलायला सुरुवात केली, त्या दिवशी तपास संपला.

मी एकेकाला एकच प्रश्न विचारला, “हा कुठला देव?” कुणी म्हसोबा म्हणाले, कुणी मारुती. काकू म्हणाल्या, “सप्तशृंगीच आहे हो, डोळे बघा की!” डोळे मला सापडले नाहीत. फक्त सर म्हणाले, “दगड आहे.”

सरांवर संशय कुणाचाच नव्हता. सर म्हणजे पक्के नास्तिक. सत्यनारायणाचा शिरासुद्धा ‘गोड चालत नाही’ म्हणून परत करणार आणि कोपऱ्यावर जाऊन जिलबी खाणार. पण माझ्या डोक्यात तो फोन घुमत होता. अनधिकृत देवाची तक्रार करणारा गर्दीबद्दल बोलतो, घंटेबद्दल बोलतो. या गृहस्थाला काळजी होती मुळांची.

मी सरांना ठाण्यात चहाला बोलावले.

“सर, गेट कुणी रंगवलं?”

“मीच. दरवर्षी रंगवतो. बाहेरचा माणूस नुसतं थापतो.”

“रंग उरला असेल?”

“थोडा.”

“त्याचं काय केलंत?”

सरांनी कप खाली ठेवला. माझ्या मिशा बघून भलेभले दरोडेखोर कबूल झाले आहेत, पण सरांनी मिशांकडे बघितलेसुद्धा नाही. त्यांचे डोळे भरले होते.

“जन्मभर पोरांना सांगितलं, दगडात काही नसतं. अर्ज करून झाले, हात जोडून झाले. शेवटी वाटलं, माझं कुणी ऐकत नाही, दगडाचं ऐकतील. ऐकलं हो! पण आता तेच लोक सिमेंट ओतून तिला मारणार.”

जबाब लिहायला घेतला होता, पेन मिटला. गुन्हा नोंदवून चिंच वाचणार नव्हती.

“सर, चौथरा थांबवायचा एकच मार्ग आहे. सगळ्यांसमोर हेच सांगा.”

“लोक फाडून खातील.”

“बंदोबस्ताला मी आहे ना!”

त्याच संध्याकाळी चिंचेखाली सभा भरली, बिल्डरलाही बोलावले होते. सरांनी उभे राहून सगळे सांगितले. एक शब्द गाळला नाही. मग बिल्डरने टाळी वाजवली. “संपलं तर मग! उद्या करवती आणतो.”

काकू ताडकन उठल्या. मी पुढे सरकलो, न जाणो!

“सर, मी ह्यांच्या तब्येतीसाठी नवस बोलले हो इथे! आणि कुणाला? गेटच्या रंगाला?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसले. मग हसू असे पसरले, की काकूंनाही आवरेना. पदराने डोळे पुसत त्या बिल्डरकडे वळल्या.

“तुम्ही थांबा जरा. इतकी वर्षं ही चिंच आमच्या वाटेत होती. खाली बसलो कधी? आता बसतोय. ते बघा, हेसुद्धा जिना उतरून आलेत.”

काका कडेला खुर्चीत बसून चिंच चोखत होते.

“ॲम्ब्युलन्स दारापर्यंत आली पाहिजे, ते मी सोडणार नाही,” काकू म्हणाल्या. “पण चिंचेला वळसा घालून आणा.”

“काकू, पार्किंगच्या दोन जागा जातील!”

“एक माझी घ्या. हे आता कुठली गाडी चालवतायत?”

“दुसरी माझी,” सर म्हणाले. “मला सायकल पुरते.”

बिल्डर कुरकुरला, नकाशा उलटासुलटा करून पाहिला, शेवटी ‘बघतो’ म्हणाला. बिल्डरचे ‘बघतो’ कसे असते ते मला ठाऊक होते. म्हणून नवा नकाशा मंजूर होईपर्यंत मी रोज त्याच्याकडे चहाला जात राहिलो. माझा चहा चालू राहण्यापेक्षा त्याला रस्ता वळवणे सोपे वाटले.

खडी-सिमेंट परत गेले. सर दगड उचलायला वाकले, तर बायकांनी अडवले. “राहू दे हो सर, मातीत बसलाय बिचारा.” हवालदार म्हणाले, कबुली देणारा हजर आणि ज्यांना फसवले तेच म्हणतात गुन्हा नाही, असे प्रकरण त्यांनी नोकरीत पाहिले नव्हते. मी डायरीत लिहिले, ‘आपसात मिटले.’

चौकीत मी हजारो भांडणे सोडवली, निदान सोडवल्यासारखी केली. पण या प्रकरणाने एक शिकवले. जागेचे भांडण असेल तर दोन्ही बाजूंना त्याच जागी खुर्च्या टाकून बसवावे. चौकीत माणूस जिंकायला येतो. तिथे सावलीत बसल्यावर, आपण नेमके काय तोडायला निघालो होतो, हे त्याला पहिल्यांदा दिसते.