हजेरीवहीतली सही

माझी पत्नी मार्चमध्ये गेली. मुलुंडच्या कॉलेजात शिकवता शिकवता ती पीएचडी करत होती. तिची नोंदणी रद्द करायचा अर्ज घेऊन मी जुलैत संशोधन केंद्रात गेलो. तिथल्या हजेरीवहीत तिची त्याच दिवसाची सही होती.

शेजारी एक प्राध्यापक उत्तरपत्रिका तपासत होते. बाहीला खडू लागलेला.

“मॅडमची सही मीच करतो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “मीही इथेच पीएचडी करतोय. लेक्चरमुळे उशीर झाला की आम्ही एकमेकांची सही करायचो.”

“पण ती गेली, सर.”

“माहितीये ना. पण मी पोचायच्या आत माझी सही रोज झालेली असते. मग मॅडमची कशी चुकवू?”

मी वही पुन्हा पाहिली. त्यांच्या सहीखाली दोन टिंबं होती, माझी पत्नी सही करताना नेहमी द्यायची तशी.

अर्ज मी दिला नाही. तो घरी तिच्या टेबलावर आहे.