पट्टीखालचं नाव

वानखेडे मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी काचपट्टीवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवत. नाव दिसलं की माणूस मोजत नाही, कीव करतो, असं त्यांचं म्हणणं. लखनौत उभी हयात गेली, तरी त्यांची नागपुरी जशीच्या तशी होती. मधूनमधून हिंदी घुसे तेवढंच.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा काम होतं अंडाशयाच्या कर्करोगाच्या गाठींतल्या रक्तवाहिन्या मोजायचं. वाहिन्या जितक्या जास्त, तितकी गाठ जोमानं वाढणारी. तपकिरी रंगवलेल्या वाहिन्यांभोवती रोगप्रतिकारक पेशींचा घोळका दिसे.

"ह्या पेशी गाठीला खायला आल्या, अन् तिच्याच पंगतीला बसल्या," मॅडम सांगत. "आता तिच्यासाठी रक्ताच्या नळ्या टाकून राहिल्या. पण सगळ्याच फितूर नसतात हाँ! नीट बघ."

त्याच वर्षी माझ्या आईला हाच आजार निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. गाठीचा तुकडा आमच्या अभ्यासाला द्यायला तिनं आनंदानं सही केली. एका दुपारी एका काचपट्टीवरच्या कागदाचा कोपरा मी नखानं उचलला. आईचंच नाव होतं. मग मोजताना दोन जुळ्या वाहिन्या मला एकच वाटल्या, फिकट तर दिसल्याच नाहीत. आकडा छोटा आला. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले.

आमच्याकडे प्रत्येक काचपट्टी दोघींनी वेगवेगळी मोजायची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले.

"काऊन गं, तुझ्या इतक्या कमी कशा?" मग त्यांना उचललेला कोपरा दिसला. माझी नोकरी गेली, असंच मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. "तुझ्या आईचा इलाज यानं बदलत नाही. पण उद्या कुणाच्या तरी आईसाठी औषध शोधतील, ते याच आकड्यांवरून. परत मोज."

मी मोजल्या. खूप होत्या. मला रडू आवरेना.

मॅडमनी स्वतःच्या खणातून एक जुनी काचपट्टी काढली. नावावरचा कागद पिवळा पडला होता. "आता ही मोज."

डोळे पुसत मोजली. आईपेक्षाही जास्त. "ही बाई काही वाचली नसेल," मी म्हणाले.

"काढ कागद."

खाली नाव होतं: सुमन वानखेडे.

"माझीच गाठ. अकरा वर्षं झाली, बाप्पा," मॅडम म्हणाल्या. "आकडा खरा लिहायचा, अन् त्याला भ्यायचं नाही. चल, चाय बोल दो."

निवृत्त होऊन त्या नागपूरला गेल्या, तेव्हा ती काचपट्टी मला देऊन गेल्या. दर रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "आई काय करून राहिली?"

परवा मी सांगितलं, "निशातगंजच्या बाजारात गेलीय. सब्जीवाल्या भैयाशी भिंडीवरून भांडतेय."

"भांडू दे गं," त्या म्हणाल्या. "मस्त भांडू दे."